मंगळवारचं पत्र आणि चाळीस खुर्च्या

४ मार्च, मंगळवार
आमच्या महिला मंडळाला सरकारी अनुदान मंजूर. अध्यक्ष म्हणून सर्वांना बजावलं: मदत घेऊ, मिंध्या होणार नाही. वीस वर्षं दर मंगळवारी सतरंजीवर बसून आपण एक तक्रारपत्र लिहितो. ते चालूच राहील. आजचं पत्र सुलाबाईंच्या दारापुढच्या गटाराच्या उघड्या चेंबरबद्दल. मसुदा कडक. उद्या देते.

५ मार्च
ज्या साहेबांना पत्र द्यायचं, तेच अनुदानाच्या फाइलवर सही करणार. एका दिवशी दोन कागद नकोत. सही घेतली.

१८ मार्च
खुर्च्या आल्या. चाळीस. पाठीवर 'शासकीय अनुदानातून'. एवढं चालतं. साहेब कळवणच्या दौऱ्यावर, म्हणून तपासणी पुढे. तोवर प्लास्टिक काढायचं नाही, बसायचंही नाही. हॉल भरला. सतरंजी बाहेर. सभा उभ्याने घेतली. शिस्त लागते.
पत्रातला 'निष्काळजीपणा' काढला. मुद्दा तोच.

२५ मार्च
सुलाबाई म्हणाल्या, "बाई, पत्राचं काय झालं? माझी नात पडता पडता वाचली." तपासणी होऊ द्या, म्हटलं. नवसाबाई मूळच्या सुरगाण्याच्या, तोंडाला कुलूप नाही. म्हणाल्या, मग आता अर्ज तुमच्याकडंच करायचा का? सगळ्या हसल्या. विनोदाला वेळकाळ असतो.
पत्र आता अभिनंदनाचं झालंय. चेंबर शेवटच्या ओळीत. स्वातंत्र्य अबाधित.

१ एप्रिल, सकाळी ७
एक खुर्ची गायब!
७.२०. सापडली. चेंबरमध्ये उलटी खोचलेली, पाय वर, पायाला लाल फडकं. परत मागितली. सुलाबाई म्हणाल्या, खुशाल न्या, येताना झाकण घेऊन या.
उद्या तपासणी. एकोणचाळीसवर भागवीन. ठाम राहायचं.

२ एप्रिल
साहेबांना खुर्च्या आवडल्या. विचारलं, सभासद कुठे? निरोप धाडला. सगळ्या सुलाबाईंच्या ओट्यावर, मंडळाच्या सतरंजीवर. उत्तर आलं: सभा चालू आहे, मध्येच कोणालाही उठता येणार नाही.
हा नियम माझाच.

८ एप्रिल, मंगळवार
मंडळाच्या पत्त्यावर पत्र आलं. 'मा. अध्यक्ष यांस. विषय: उघड्या चेंबरबाबत आपण चालवलेली टाळाटाळ.' बावीस सह्या. 'निष्काळजीपणा' दोनदा, योग्य जागी. मांडणी निर्दोष. शिकवलं कोणी?
रीतसर आवक क्रमांक टाकला. लगेच उत्तर लिहिलं: 'प्रकरण विचाराधीन आहे.'
उभ्यानेच लिहिलं. प्लास्टिक अजून काढता येत नाही. फेरतपासणी आहे.