काकडीच्या लेकी आणि उसने जावई

२ फेब्रुवारी
पार्सल आलं. काकडीची रोपं सहा, ४०/-. टपालखर्च १२/-. माती दोन पोती, २०/- (माळी ३० म्हणत होता. बघत राहिले, उतरला). कुंड्या म्हणून तेलाचे रिकामे डबे, फुकट. देवाचं नाव घेऊन लावली.
गच्ची मामंजींची. अर्ध्या भागात जाऊबाईंच्या कपड्यांच्या दोऱ्या, अर्धी रिकामी. मामंजी म्हणाले, सूनबाई, मार्चअखेर धड काकड्या दाखव, ही अर्धी कायमची तुझी. नाहीतर तिथेही दोऱ्या. जाऊबाईंनी दुपारीच नवे चिमटे आणले. आणू देत. गंजतील.

२५ फेब्रुवारी
फुलं! पिवळीधमक! प्रत्येक फुलामागे करंगळीच्या नखाएवढी काकडी. म्हणजे सगळ्या लेकी, नर एकही नाही. मॅट्रिकला शास्त्रात बासष्ट मार्क होते, ते आज कामी आले. नराचे पराग मादीला लागल्याशिवाय फळ नाही. आणि पाचव्या मजल्यावर मधमाशी येणार कशी? इथे लिफ्टसुद्धा येत नाही.
ठरलं. मधमाशीचं काम मी करणार.

२६ फेब्रुवारी, सकाळी साडेसहा
जाऊबाईंच्या खिडकीत साध्या काकडीचा वेल आहे, त्यावर नरफुलं ढीगभर. चार मागितली. म्हणाल्या, वा गं वा, जावई माझ्या घरचे आणि नातवंडं तुझ्या गच्चीवर! पण दिली.
ब्रश दुकानात ८/-. ह्यांचा दाढीचा घेतला, धुऊन. आंघोळ करून अनवाणी वर गेले. प्रत्येक फुलाला तीनदा ब्रश, तीनदा देवाचं नाव. मधमाशी गुणगुणते म्हणून मीही गुणगुणले. समोरच्या खिडकीतल्या डॉक्टरीणबाईंनी वर पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. वारा असेल.

२८ फेब्रुवारी
हे विचारत होते, दाढी झाल्यावर गाल पिवळे का दिसतात. उजळले असतील म्हटलं. ऑफिसात दिवसभर शिंकले म्हणे. हवा बदलतेय.

८ मार्च
पहिली काकडी उतरवली. वर सुरईची मान, खाली विजेचा बल्ब. मामंजींनी चष्मा पुसला, परत पुसला, आणि विचारलं, ही उभी आहे की बसलीय?
कापली तर आत बियाच बिया, टणक. म्हणजे एकाच खर्चात खाणंही आणि बियाणंही! हे कोणाच्या लक्षात येत नाही.

११ मार्च
आणखी सात. सगळ्या बुडाला फुगलेल्या. जाऊबाई म्हणाल्या, मुली आईवर गेल्यात हो. हे काकडीच्या वेलाबद्दल होतं, असं मी धरून चालले आहे.
विचारांती चूक सापडली. ब्रश कमी पडतोय. उद्यापासून तीनऐवजी सात वेळा, संध्याकाळीही. रोपवाल्यांना कार्ड टाकलं, की मी पराग भरपूर देते, तरी आपली रोपं बेढब फळं देतात, कारण कळवा.

१५ मार्च
थंडीताप. डॉक्टरीणबाई म्हणतात, ओल्या केसांनी गच्चीवर गाणं बंद. अंथरुणातून ह्यांना सगळं समजावलं. ब्रश कसा धरायचा, गुणगुणायचं कोणत्या पट्टीत. ह्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्याच सांगण्यात ऐकलं!

२१ मार्च
अजून वर सोडत नाहीत. इथूनच गुणगुणते. भिंत जाड आहे, पण भक्तीला भिंत आड येत नाही.

२९ मार्च
आज वर गेले. टोपलीभर काकड्या! हिरव्यागार, पट्टीने आखाव्यात तशा सरळ! मामंजींनी एक उभ्याउभ्या खाल्ली, दुसरी खिशात घातली. जाऊबाईंनी नवे चिमटे परत पुडीत बांधले. मेहनत उशिरा का होईना, फळली.
ह्यांना विचारलं, सात वेळा ना? म्हणाले, एकदाही नाही. समोरची माणसं बघत असताना फुलांच्या कानाशी गुणगुणणं आपल्याला जमणार नाही. पाणी घातलं, पेपर वाचला, खाली आलो.
असेल. पण ते पाणी मनोभावे घातलं असणार.

३१ मार्च
रोपवाल्यांचं कार्ड आलं. मामंजींनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ही जात परागाशिवायच फळ धरते. पराग लागला तर आत बी धरतं आणि बूड फुगतं. कृपया जवळपास मधमाशी फिरकू देऊ नये.
जाऊबाईंनी माझ्याकडे पाहून गच्चीच्या जिन्याचं दार ओढून घेतलं. मग इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. मीच दिलं.
निकाल लागला. अर्धी गच्ची माझी, कायमची! अट एकच. वेलावर फुलं असेपर्यंत मी वर जायचं नाही. किल्ली ह्यांच्या खिशात.
वेलावर फुलं रोज येतात.
दुपारी कार्ड लिहिलं. त्याची नक्कल:
'आपलं कार्ड पावलं. काकड्यांचं उत्तम चाललं आहे. मात्र ज्याला माणसाचा हात लागल्याशिवाय फळच धरत नाही, असं एखादं रोप आपल्याकडे आहे का? एकच हवं. खिडकीत मावेल असं. असल्यास किमतीसह उलट टपाली कळवावे.'