मालिकेतली दुसरी संख्या

२ मार्च, सकाळी ६.१०
रिटायर झाला की माणूस संपला म्हणणाऱ्यांनी आता बघावं. मूळ संख्यांची स्वतःची मालिका काढली! नियम सोपा. मूळ संख्या घ्या. तिच्या दुपटीत एक मिळवा, चौपटीत एक मिळवा. तिन्ही मूळ हव्यात. पहिल्याच फटक्यात सापडली: ३. मग ७, १३. अशा मालिका नोंदवणारी वेबसाइट आहे. दुसरी संख्या मिळाली की पाठवतो. खाली माझं नाव!

४ मार्च
हिचं टुमणं सुरू. लेकीकडे चला, बसनं चार तास, नात दोन महिन्यांची झाली. एकोणीसला ते तिघं परदेशी जाणार, मग दोन वर्षं भेट नाही. म्हटलं, दुसरी संख्या सापडली की निघू. दोन दिवसांचं काम.

७ मार्च
२३ घेतली. ४७ मूळ, झकास. ९३ अडली. मेलीला एकतीसनं भाग गेला. मी संख्येच्या निम्म्यापासून एकेक आकडा खाली उतरत भागत येतो. रेकॉर्ड रूममध्येही वरच्या फाइलपासूनच सुरू करायचो. भाग गेला की थांबायचं. उत्तर किती आलं ते बघण्यात वेळ घालवत नाही.

१० मार्च
ही एकटीच गेली. म्हणाली, डबे फ्रीजमध्ये आहेत, अक्कल कुठे ठेवलीय ते तुम्हीच शोधा. दुर्लक्ष केलं.

१३ मार्च
५३. दोनशे तेरावर छत्तीस भागाकार. एकाहत्तरनं घात केला. लेकीचा फोन: बाबा, कधी येताय? म्हटलं, परवा. नक्की.

१६ मार्च
जमलं नाही. पण ११३! २२७ मूळ! ४५३ वर शहात्तर भागाकार केले. एकशे एकावन्न आडवा आला. दर वेळी नवा वैरी.

१८ मार्च, संध्याकाळी ७
फोनवर हिला रडगाणं ऐकवलं. तिनं विचारलं, एकशे एकावन्ननं भागून आलं किती? तीन. एकाहत्तरनं? तीन. एकतीसनं? तीनच. अहो, मग आधी तीननंच का नाही भागत, म्हणाली.
तासभर वहीत डोकं घातलं. पहिल्या संख्येला तीननं भागून बाकी एक उरली तर दुप्पट अधिक एकला तीननं भाग जातो, दोन उरली तर चौपट अधिक एकला. काहीच नाही उरलं तर ती ३च. म्हणजे दुसरी संख्या नाहीच. कधीच नव्हती. आणि तिच्यापायी मी नातीला ताटकळत ठेवलं. गाढव आहे मी.
शेवटची बस गेली. विमान उद्या दुपारचं. पहाटेची बस धरतो, आरामात पोचेन.

१९ मार्च, ११.२०
पहाटेची चुकली, सातची मिळाली. पोचलो. विमान दुपारचं, पण टॅक्सी नऊचीच होती. मी विचारलंच नव्हतं. आवरलेलं घर, ही एकटी. रागावलीसुद्धा नाही. एवढंच म्हणाली, टॅक्सी दारात उभी असताना लेक बाळाला घेऊन दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. बस तिथंच थांबते ना, म्हणून.