अर्धा टोस्ट

ग्लासगो, मंगळवार

बाबा,

तुझा पत्ता नाही, तरी लिहिते. एकोणीस अर्ज केल्यावर मला एका मालिकेच्या शूटिंगवर दोन आठवडे काम शिकायला मिळालंय. बाप कॅमेरावाला आहे हे मी कुणालाही सांगितलं नाही.

आज पहिल्याच दिवशी घोटाळा केला. सेटवरच्या स्वयंपाकघरात अर्धा टोस्ट आणि अर्धा कप चहा पडला होता. जेवणाच्या सुट्टीत मी टोस्ट फेकला, कप धुऊन ठेवला. सगळं शूटिंग थांबलं. सेटवरच्या वस्तू सांभाळणारी मोराग म्हणाली, "अगं बये, इथे उष्टंसुद्धा जपायचं असतं. सीन कुठे संपलाय अजून?" मग सकाळचा फोटो बघत तिने नवा टोस्ट तेवढाच कुरतडला.

तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. तू घर सोडून गेल्यापासून दाराशी पडलेले तुझे बूट मी रविवारी चिडून माळ्यावर टाकले होते. आज आई कामावरून यायच्या आत मी ते परत दाराशी ठेवले, आठवून आठवून डाव्या बुटाची नाडी सोडून ठेवली.

आई आली. कोट न काढताच वाकली, डाव्याची नाडी बांधली आणि उजव्याची सोडली.

कर्स्टी