अक्कलदाढेमागची सावली

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक. पंपहाऊसचे दोन्ही पंप नीट चालतात, तिसरा मी. दिवसभर त्यांच्या घरघरीत बसून बोलायची सवयच गेली. परवा दुकानात साबण मागितला तर आवाज घोगरा निघाला. लहानपणी ज्याच्या रडण्यानं सगळी गल्ली जागी व्हायची, त्या तुझ्या भोंग्याची ही गत.

पत्रास कारण न्हावी. दाढी करता करता थांबला आणि म्हणाला, साहेब, डावा गाल भरलाय, कधीपासून? मला कुठं ठाऊक! माझ्या तोंडाकडे नीट बघणारा तोच एक, तोही महिन्यातून एकदा. त्यानं पिच्छाच पुरवला म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी डोक्याभोवती फिरणाऱ्या मशीनवर सबंध जबड्याची एक्स-रे फिल्म काढली. तू काय करतेस ते सांगितलं, तशा म्हणाल्या, बहिणीला दाखवा, त्यांचं आयुष्य फिल्म वाचण्यात गेलंय.

खरं सांगू? वर्षभर तिथं जड वाटत होतं. पण पाच वर्षांपूर्वी तू माझी फिल्म वाचून पाकिटावर लिहिलं होतंस, ‘अक्कलदाढ मालकासारखीच आडवी. बाकी ठणठणीत.’ ते पाकीट मी भिंतीला टाचलं होतं. ताई ठणठणीत म्हणतेय, मग डॉक्टर कशाला? जुनी त्याच पाकिटातून आणि सोबत नवी, दोन्ही पाठवतोय. पाकीट परत कर, भिंत ओकीबोकी दिसते.

जमल्यास दोन ओळी जास्त लिही.

तुझा
भोंगा

११ फेब्रुवारी

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

आधी कामाचं. डाव्या अक्कलदाढेमागे हाडात लिंबाएवढी काळी सावली आहे. कड पांढरी, रेखीव, म्हणजे सावकाश वाढलेली, हे बरं. पण आत पडद्यांसारख्या रेषा आहेत आणि शेजारच्या दाढेची मुळं झिजलीत. हे मला आवडलं नाही. सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी असेल, नाहीतर ट्यूमर. याच्यापुढे फिल्म बोलत नाही, तुकडा काढून तपासावाच लागतो. सर्जनचा पत्ता सोबत आहे. उद्याच जा.

आता दुसरं. माझी एक पद्धत आहे. फिल्मवरचं नाव कागदाच्या पट्टीनं झाकायचं, जबड्याच्या एका सांध्यापासून दुसऱ्यापर्यंत सगळं हाड बघायचं, नाव अगदी शेवटी. तीस वर्षांत ती एकदाच मोडली. तुझं नाव आधी वाचलं, आडवी दाढ बघून एकटीच हसले, पाकिटावर थट्टा लिहिली आणि बाकीचं उरकलं. आज जुनी फिल्म पट्टी लावून बघितली. सावली तेव्हाही होती, वाटाण्याएवढी.

चूक माझी आहे, भोंग्या. दुसऱ्या कुणी केली असती तर मी त्याचा उद्धार केला असता. सारवासारव करत नाही. रागाव, पण जा.

तुझी
ताई

२ मार्च

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

तीन आठवडे झाले, तुझं अक्षर नाही. सर्जनच्या दवाखान्यात फोन केला, तर म्हणाले, नातेवाइकांना काही सांगायचं नाही असं पेशंटनं बजावलंय. समजले.

मी तळघरातल्या खोलीत दिवा मालवून बसते, समोर उजेडाची पेटी. रोज चाळीस जबडे बघते, चेहरा एकही नाही. इतकी वर्षं त्याचं काही वाटलं नाही. आता प्रत्येक फिल्म दोनदा बघते, कारकूनबाई वैतागल्यात. एकटं राहणं आपल्याला जमतं अशी माझी समजूत होती. नाही जमत. शिव्या दे, पण लिहून दे.

वाट बघणारी
ताई

२७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

रागावलो होतो. भिंतीवरची मोकळी जागा बघून जास्तच. पण भांडायला माणूस कुठून आणू? शेवटी पंपांच्या आवाजात तुला मोठमोठ्यानं शिव्या दिल्या. घसा मोकळा झाला.

आधी तुकडा तपासला, मग ऑपरेशन झालं. ट्यूमर नाही, सिस्टच. पण चिवट जातीची, पुन्हा येऊ शकते. दर सहा महिन्यांनी फिल्म काढायची. दोन दाढा गेल्या, जबडा शाबूत. खालचा ओठ डावीकडे बधिर आहे, बहुतेक कायमचा. पाच वर्षांपूर्वी कळलं असतं तर तो वाचला असता, असं सर्जन म्हणाले. तू लपवलं नाहीस, म्हणून मीही लपवत नाही.

चहा ओघळतो आणि मला पत्ताच नसतो. दवाखान्यात नर्सबाई समोर बसून हनुवटीकडे बोट दाखवायच्या. घरी शर्ट भिजल्यावर कळतं. पुढच्या महिन्यात मी निवृत्त होतोय. समोर बसून बोट दाखवणारं माणूस औषधांच्या दुकानात मिळत नाही. तुझ्या टेबलाला दुसरी खुर्ची आहे का?

राग थोडा शिल्लक आहे, तो घेऊनच येईन. कळावे.

भोंगा

२ एप्रिल

चि. भोंग्यास,
अनेक आशीर्वाद.

खुर्ची आहे. तिच्यावर फिल्मची पाकिटं रचलेली होती, ती आज उचलली. राग आण, त्यालाही जागा आहे.

यापुढे तुझ्या फिल्म मी वाचणार नाही. ते काम माझ्या हाताखाली शिकलेल्या डॉक्टरांना सांगितलंय, नाव झाकून. मी तुझ्या तोंडाकडे बघेन.

लवकर ये.

ताई