पाऊण मिनिटाचं आवतन

भिंगार,
ता. ४ मे १९९९

आदरणीय मेहुणे श्री. भिमाजीराव यांच्या चरणी दाजी सहादेव यांचा साष्टांग नमस्कार. (दाजीने मेहुण्याच्या पाया पडायची आपल्यात रीत नाही हे मला ठाऊक आहे. पण वेळच तशी आली आहे, तेव्हा पाय आखडून घेऊ नयेत.)

इकडे सर्व खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? रतनवहिनींची दाढ काढली की अजून लवंगेवरच चाललंय? तुमच्या बहिणीची, केशरची तब्येत उत्तम आहे, फक्त ती आठ दिवस माझ्याशी बोलत नाही. नवरी मुलगी आरतीही बोलत नाही. घरात माझ्याशी बोलणारा एकटा मोबाईल होता, त्याला मी काल ट्रंकेत घालून कुलूप लावलं.

भिमाजीराव, हे यंत्र म्हणजे माणसाच्या जातीला लागलेली कीड आहे हो! आणि ती मी माझ्या हाताने घरात आणली. डेपोतून रिटायर झालो, आणि काल-परवापर्यंत चाळीस माणसांना कामाला लावणारा स्टोअरकीपर घरी आला तर हुकूम द्यायला उरलं एक मांजर. तेही ऐकेना. म्हटलं, पोरीचं लग्न काढलंय, दहा ठिकाणी बोलावं लागेल, घेऊन टाकू मोबाईल. पट्ट्याला अडकवला. पायजम्याला पट्टा नसतो, म्हणून पायजम्यावरून पट्टा बांधू लागलो. (केशर तेव्हा बोलत होती. काय बोलली ते लिहीत नाही.) आता भिंगारात रेंज मिळते ती आमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढलं तरच. त्यामुळे मांडववाला, आचारी, बँडवाला, सगळ्यांशी मी टाकीवरून बोलायचो. एकदा उतरताना शेजारच्या विजयमालाबाईंच्या वाळत घातलेल्या कुरडयांत दोन्ही पाय गेले. त्या माऊलीने आरडाओरडा केला नाही, फक्त म्हणाल्या, "भावजी, आता या तुमच्याच घरी तळा." बरं, घरी येणाऱ्याला तरी माझं कौतुक? तेही नाही. "कुठाय तो फोन?" म्हणायचं, हातात घेऊन उलटापालटा करायचा, चहा प्यायचा आणि चालू पडायचं. माझ्या रिटायरमेंटबद्दल एकानेही विचारलं नाही. आणि मी तरी काय, समोर बसलेल्या माणसाकडे बघायचं सोडून रेंजच्या काड्या मोजत बसायचो.

त्याच नादात तो अपराध घडला. भाचीच्या लग्नाचं पहिलं आवतन मामाला, तेही घरी जाऊन, पाटावर बसवून, हातात पत्रिका आणि अक्षता देऊन, हे मला कोणी शिकवायला पाहिजे होतं का? पण मे महिन्याचं ऊन, पाथर्डीची एसटी, पुढे जीपच्या टपावर बसणं... म्हटलं, हातात यंत्र आहे कशाला? चढलो टाकीवर आणि तुमच्या गावच्या मच्छिंद्रच्या बूथवर फोन लावला. त्याने तुम्हाला बोलावणं धाडलं. आता आपल्याकडे बूथवर बोलावणं आलं की कोणीतरी गेलं असंच माणूस धरून चालतो. तुम्ही म्हणे धार काढता काढता उठलात, एका पायात चप्पल, आणि वाटेतच रडायला लागलात. फोनवर तुमचा पहिला शब्द होता, "कोन गेलं?" आणि मी काय बोललो? तर, "नऊ तारीख, रविवार, सगळ्यांनी या, पत्रिका पोस्टाने येतेय," आणि ठेवला. पाऊण मिनिट लागलं. मिनिटाच्या आत आटोपलं म्हणून मी टाकीवर स्वतःवर खूश!

पुढचं तर त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या तात्यांचा दहावा होता. नदीकाठी शे-दीडशे माणसं, पिंड ठेवलेला, आणि कावळा काही शिवेना. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "तात्या, धाकट्याला विहिरीवर पाण्याची पाळी देईन." तसा एक कावळा झाडावरून उतरला, दोन उड्या मारून पिंडाजवळ आला, चोच वाकवली... आणि माझ्या कमरेला बँड वाजला. तोपर्यंत नदीकाठी रेंज येते हे मलाही माहीत नव्हतं. कावळा जो उडाला तो थेट छावणीकडे. घाबरून मी हाताला येईल ते बटण दाबलं. थोरला इतका हादरला की त्याने पाळीबरोबर निम्मी विहीर आणि वरचा अर्धा एकर धाकट्याला कबूल केला. तरी शेवटी दर्भाचाच कावळा करून शिवावा लागला. भिंगारात आज मोबाईलला आशीर्वाद देणारा एकच माणूस आहे, तात्यांचा धाकटा. बाकी गल्ली मला बघून रस्ता बदलते.

तो फोन तुमचा होता, हे तुमच्या गावाहून आलेल्या माणसाने केशरला सांगितलं, तिने संध्याकाळी मला, आणि तिथून तिचं बोलणं बंद. राग गिळून, पायपीट करून तुम्ही बूथवर आलात, विचारायला की "दाजी, घरी येनार हाय का न्हाई?" आणि दाजीने खाडकन फोन तोडला. त्यावर तुम्ही मच्छिंद्रच्या बूथवर चार माणसांत म्हणालात, "मंग मांडवात बी त्या फोनलाच हुबा करा, मामा म्हून."

भिमाजीराव, तुमचं बरोबर आहे. शंभर टक्के बरोबर आहे. केशर दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती तेव्हा आरती तुमच्याकडे होती. तिला शाळेत पहिल्यांदा तुम्ही खांद्यावर नेलंत, गोवर आला तेव्हा रात्ररात्र तुम्ही जागलात. मी महिन्यातून एकदा यायचो तर पोरगी मला "ते भिंगारचे" म्हणायची. (हे मला लागलं होतं, आज पहिल्यांदा सांगतोय.) आता ती म्हणते, मामा आणायला आला नाही तर मी मांडवात पाऊल टाकणार नाही, तुमचं तुम्ही लग्न लावा. आणि ती तुमच्या हाताखाली वाढलेली आहे, म्हणजे बोलली की केलं. मला लाज वाटते हो. झालं गेलं पोटात घाला.

वहिनींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. फोनच्या नादात लिहायची सवय मोडली, तेव्हा अक्षराला हसू नये.

तुमचा अपराधी,
सहादेव

ता. क. मोबाईल ट्रंकेत आहे हे खरं. किल्ली माझ्या करदोट्याला आहे, हेही खरंच. बँडवाला अजून नक्की सांगत नाहीये.

दुसरा ता. क. पत्र पोस्टात टाकायला निघालो तर केशर आठ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "आवतन फोनवर, आणि माफी पोस्टानं? लाज हाय का काही?" म्हणून हे पत्र टाकलं नाही, घेऊनच पहिली एसटी धरली. आता तुमच्या ओसरीवर बसून हे लिहितोय. वहिनी म्हणाल्या, "ते आत हायेत, बोलनार न्हाईत म्हणत्यात." ठीक आहे. त्यांच्याच हाती आत पाठवतो. सावकाश वाचा.

तिसरा ता. क. (वेगळ्या चिठ्ठीवर.) अर्धा तास झाला. पत्रिका आहे, अक्षता आहेत, माझ्यासोबत आलेली केशर आहे, आरतीही आहे. मामाच्या हातचं पाणी मिळाल्याशिवाय ती पाणी पिणार नाही म्हणते, आणि ऊन तुम्हाला माहीतच आहे. आता खरी विनंती. तुम्ही खिडकीआडून डोळे पुसताय ते आम्हाला इथून स्वच्छ दिसतंय, तेव्हा तांब्या भरून घ्या आणि या बाहेर.