फुगा सांगितला, जाळी बसवली

सोनई,
दि. १२ जानेवारी २०२५

चि. संस्कृतीस,
आजीचे अनेक आशीर्वाद. अक्षर बघून दचकू नकोस, पत्र माझंच आहे. लिहिते शेजारची मोनिका. फोन केला असता, पण फोनवर तू मध्येच लाडीगोडी लावतेस आणि माझं बोलणं राहून जातं.

इकडे सगळं ठीक. म्हशीला रेडी झाली. मी आता न थांबता मळ्यापर्यंत जाते, छातीत कळ नाही. तुझा बाप आबासाहेब सांगत फिरतो, आई लई ठणठणीत झाली. झालेच आहे.

तुला आठवतं का, नगरच्या डॉक्टरानं कागदावर चित्र काढलं होतं? म्हणाला, "आजी, तुमची हृदयाची नळी फार बारीक आहे. साधी जाळी अशा नळीत लवकर बुजते. औषध लावलेली जाळी बरी, ती नळीला आतून धरून ठेवते. नाहीतर औषधाचा फुगा. तो नळी रुंद करतो, औषध लावतो आणि बाहेर येतो. तुम्हाला दोन्ही चालेल."

मी म्हणाले, "फुगा. पाहुणा आला, चहा प्याला, गेला. मुक्कामाला नको कुणी."

डॉक्टर हसला. तू हसली नाहीस. तुझ्या आजोबांना साधी जाळी बसवली, ती वर्षाच्या आत बुजली आणि ते गेले, हे तुला ठाऊक होतं. जाळी म्हटलं की मला ते दिसतात, हेही ठाऊक होतं.

मग फॉर्म आला. तू मोठ्यानं वाचलंस, "औषधाचा फुगा." मी अंगठा दिला. तू चौथीत होतीस तेव्हापासून सातबारा असो की बँकेचा कागद, तू वाचायचं आणि मी अंगठा द्यायचा.

परवा गोळ्यांच्या पिशवीत एक कार्ड निघालं. मोनिका म्हणाली, "आजी, यावर जाळीचा नंबर आहे."

"कुणाच्या?"

"तुमच्याच की."

आबासाहेबाला विचारलं, तर खाली बघून म्हणाला, "डॉक्टरला संस्कृतीनंच सांगितलं, आजी जाळीला तयार झाली. मला म्हणाली, आजी ऐकायची नाही, मी वाचते बरोबर."

बरोबर वाचलंस गं! नर्सिंगला जाऊन एवढं तरी शिकलीस.

जाळी चांगली असेल. तुझंच खरं असेल. डॉक्टर सांगतो, गोळी चुकवायची नाही, चुकवत नाही. पण एक सांगते, जे त्या दिवशीही बोलले नाही. मी हट्टी नव्हते, भ्याले होते. तू माझा हात धरून "आजी, माझ्यासाठी" म्हणाली असतीस, तर जाळी काय, मोटारीचं चाक बसवून घेतलं असतं. तू विचारलंच नाहीस. मला वाचता येत नाही, तेवढ्याचा फायदा घेतलास.

सुट्टीला ये. रेडीचं नाव तूच ठेवायचंस. येताना त्या फॉर्मची नक्कल आण आणि माझ्यासमोर बसून वाच. जे लिहिलंय तेच.

हे पत्र मोनिकानं मला वाचून दाखवलं. मग तिच्या सासूकडून, बनाबाईकडून, पुन्हा वाचून घेतलं. दोघींत आठवडाभर बोलणं नाही, म्हणजे संगनमत नाही. शब्द सारखे निघाले, तेव्हा खाली अंगठा दिला.

आजवर मला एकीचं वाचणं पुरायचं.

तुझीच आजी,
मनकर्णा