मागून चालणारीचं काम

आबा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगायला बसले आहे. माणूस समोर असताना तोंडात मिठाची गुळणी धरायची आणि तो गेल्यावर कागद खराब करायचा, ही माझी जुनी खोड.

मुळशीच्या रानातले सगळ्यांत उंच डोंगर तुमच्या पायाखालचे. पुण्याची कॉलेजातली मुलं एसटीनं यायची, पायात जाडजूड बूट, आणि त्यांच्या पुढे वाट दाखवत तुम्ही अनवाणी. दहा वर्षांची झाले तेव्हापासून सगळ्यांच्या मागे मी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन. मागून चालणारीचं काम तुम्हीच शिकवलंत. जिथे वाट फुटते तिथे करवीचं एक झुडूप गुडघ्याएवढ्यावर वाकवायचं, शेंडा घराच्या दिशेला. पुढच्याने वाकवलं तर मागचे ते तुडवून टाकतात, म्हणून ते शेवटच्याने करायचं. "म्होरला चुकला तर डोंगर चुकंल, मागला चुकला तर घर चुकंल," असं तुम्ही म्हणायचात. एरवी तुम्हाला खुणांची गरज पडायची नाही, पण धुक्यात सगळ्या ढोरवाटा सारख्याच दिसतात आणि त्यातल्या एक-दोन सरळ कड्यावर जातात. मला माझ्या कामाचा केवढा तोरा होता.

मी नववीत होते. दसरा होऊन गेला होता. त्या दिवशी दुपारी मला बघायला पाहुणे येणार होते. बघणं आपलं नावाला, तुम्ही शब्द देऊन बसला होतात. आता शाळा बंद, हे आईने भांडी घासता घासता सांगितलं, जणू मीठ संपलंय म्हणून सांगावं. नेमका त्याच सकाळी पाच मुलांचा गट ठरलेला आणि ओझं उचलणारा चुलता तापाने पडलेला. "आज तरी पोरीला नेऊ नगा," आई म्हणाली. तुम्ही म्हणालात, "बारापतुर माघारी येतोय की."

पहिला फाटा येतो. मी करवीला हात घालते आणि हात तसाच राहतो. तुम्ही पुढे निघून गेलेले असता. दुसऱ्या फाट्यावर मी हातसुद्धा घालत नाही. परतायला उशीर झाला तर पाहुणे चारच्या गाडीने निघून जातील, एवढंच माझ्या डोक्यात होतं. धुकं येईल हे मला कुठे ठाऊक होतं? नाही, आता खोटं कशाला बोलू. कोकणाच्या अंगाने आभाळ चढताना मी पाहिलं होतं.

माथ्यावर पोचलो आणि अर्ध्या तासात हात लांब केला तर बोटं दिसेनात. तुम्ही चाचपडत उतरणीच्या पहिल्या फाट्यापर्यंत आणलंत, खाली वाकून करवी शोधलीत. एका मुलाच्या बुटाने दगड निसटला. तो गेला, पण पडल्याचा आवाज काही आला नाही. मग तुम्ही माझ्याकडे वळलात.

"वाकवली न्हाईस?"

"इसरले."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग मुलांना म्हणालात, "धुकं उठंस्तवर हितंच बसायचं. कुनी हलायचं न्हाई. चूक माजी हाय." त्यातला एक चिडून म्हणाला, "अहो, तुम्हालाच वाट माहीत नाही तर आम्हाला आणलंत कशाला?" तुम्ही खाली मान घालून ऐकून घेतलंत. डावी वाट घराची आहे हे मला पक्कं ठाऊक होतं, येताना मी फाटे मोजले होते. चार तास आपण त्या ओल्या खडकावर बसलो. पोरांनी भाकरी खाल्ली, मी गाठोडं पुन्हा बांधलं.

उतरलो तेव्हा पाहुणे गेलेले होते. जाताना निरोप ठेवला होता, आधी बापाला घरची वाट सापडू द्या, मग सोयरिकीचं बघू. मी दहावी झाले, नर्सिंगला गेले, पुढे माझ्या मनाने लग्न केलं. आणि तुम्ही? पुण्यात त्या पोरांनी बोभाटा केला, दोन वर्षांत एकही गट आला नाही, आणि तुम्ही उरवड्याच्या एका कारखान्यावर वॉचमन झालात. चार बाय चारची ती केबिन. गाडी आली की दांडा वर, गेली की खाली. तुम्हाला त्या लोकांनी बूट दिले होते आणि ते तुम्हाला चावायचे. सुट्टीत मी डबा घेऊन यायचे. एकदा सांगायचंच असं ठरवून आले होते. तुम्ही डबा उघडत म्हणालात, "हितं एक बरं हाय बग, वाट चुकायची भीती न्हाई." आणि हसलात. मीही हसले आणि डबा धुवायला नळावर गेले. तिथे खूप वेळ रडले.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं की नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. कळलं असेल तर तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत. नसेल, तर स्वतःला म्हातारा, वाट चुकणारा वाटाड्या समजूनच तुम्ही मेलात, आणि हे मला सोसत नाही.

आबा, मी विसरले नव्हते. माफी मागायची म्हणून तीनदा कागद घेतला आणि तीनदा हात अडला, कारण माफी मागायची तर पुन्हा तसं करणार नाही असंही लिहावं लागेल. ते मला लिहिता येत नाही. पुन्हा ती सकाळ आली, तरी मी करवी वाकवणार नाही.